शिवलेला अंक

कौशिकने टेबलावर ठेवलेली स्पायरलची वही विभाने उचलली, मधलं एक पान चिमटीत धरलं आणि सरळ ओढलं. टर्रकन आवाज होऊन पान हातात आलं. डाव्या कडेला भोकांच्या जागी नुसत्या चिंध्या उरल्या.

"ही तुझी मजबूत बांधणी," ती म्हणाली.

"अहो विभाताई, असं कोण ओढणार आहे?"

"तीस घरांत जायचंय अंकाला. त्यातल्या अकरा घरांत पाच वर्षांखालची मुलं आहेत. मोजलीत मी."

जुलैतला शेवटचा रविवार होता आणि जयपूरच्या मराठी मंडळाची कार्यकारिणी कौशिकच्या मानसरोवरच्या फ्लॅटमध्ये जमली होती. कौशिक मंडळाचा सचिव. दोन वर्षांपूर्वी बँकेतून नाशिकहून बदली होऊन आलेला, टापटिपीचा, प्रत्येक गोष्टीची फाइल ठेवणारा माणूस. विभा कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची आणि गेली नऊ वर्षं मंडळाचं 'झरोका' हे हस्तलिखित काढायची. दोघांचं एकमेकांशी वाकडं नव्हतं, पण सरळही फारसं कधी गेलं नव्हतं.

'झरोका'चे नियम जुने आणि कडक. छापायचं नाही, टाइप करायचं नाही, झेरॉक्स काढायची नाही. ज्याने त्याने आपल्या अक्षरात एक पान पुढूनमागून लिहायचं. सगळ्यांची पानं मिळून एकच अंक बांधायचा, तो गणपतीत मंडपात उघडायचा आणि मग यादीप्रमाणे दहा-दहा दिवस एकेका घरी फिरवायचा. तीस घरं करून तो जुलैत संपादकाकडे परत येई. एवढ्या प्रवासात त्याला चहाचे डाग पडत, कुणी कोपऱ्यात 'छान' लिहून ठेवी, एकदा तर आत कढीपत्त्याची वाळलेली पानंही सापडली होती. पान मात्र आजवर एकही गेलं नव्हतं.

गेल्या अंकातलं गेलं. आणि ते विभाच्या हट्टापायी गेलं, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

अंक दुकानातल्या पुस्तकासारखा दिसावा म्हणून तिने तो एका झेरॉक्सवाल्याकडून गरम गोंदाने चिकटवून घेतला होता. दिसला खरोखरच देखणा. मंडपात लोकांनी हात फिरवून पाहिला. पण मे महिना लागला, पारा शेहेचाळीसवर गेला आणि पाठीचा गोंद खडीसाखरेसारखा तडकला. पानं सुटू लागली. कुणी सेलोटेप लावली, कुणी वरून रबरबँड घातलं. जुलैत अंक विभाच्या हातात आला तेव्हा अनुक्रमणिकेत सत्ताविसावं पान होतं, आत नव्हतं. ते प्रभाताईंचं होतं.

प्रभाताई विद्याधर नगरातल्या देवदत्त सरांच्या पत्नी. चाळीस वर्षं जयपुरात राहिल्या, मंडळाच्या प्रत्येक पंगतीत राबल्या, पण लिहा म्हटलं की हात झटकायच्या. विभाने त्यांचा नऊ वर्षं पिच्छा पुरवला तेव्हा कुठे त्यांनी एक पान लिहून दिलं. सप्टेंबरात अंक आला आणि जानेवारीत हृदयविकाराने प्रभाताई गेल्या. त्यांनी जन्मात लिहिलेलं तेवढं एकच पान, आणि ते विभाच्या गोंदाने घालवलं.

तिने घरोघरी फोन केले. चोवीस घरांनी ते पान वाचलेलं होतं. चोविसावं घर स्वतः देवदत्त सरांचं, म्हणजे तिथपर्यंत तरी ते शाबूत असणार, असा तिने हिशेब मांडला आणि पुढच्या सहा घरांची कपाटं, गाद्या, रद्दी उपसायला लावली. त्या नादात दोन घरांशी अबोला झाला. शेवटी ती सरांकडे जाऊन हात जोडून उभी राहिली. सर खिडकीकडे बघत म्हणाले, "असू दे, विभा." त्यांच्या त्या 'असू दे'ने तिला जास्तच मेल्यासारखं झालं.

बाकीचे लोक इतके उदार नव्हते. 'केमिस्ट्री शिकवते आणि हिला गोंद कळला नाही' हे तिच्या कानावर तीन वेगवेगळ्या दिशांनी आलं. बाराजणांनी सांगून टाकलं की पान हरवणारच असेल तर हात कशाला दुखवायचा. म्हणूनच आज कौशिकने विषय काढला होता की अंक फोनवर काढावा, पीडीएफ करून सगळ्यांना एकदम पाठवावा, कुणाचं काही हरवायला नको.

"एक वर्ष द्या मला," विभा म्हणाली. "बांधणी मी ठरवते. या खेपेला एक जरी पान सुटलं तर पुढल्या वर्षी खुशाल फोनवर काढा, मी बोलणार नाही."

"लिहून घेऊ?" कौशिकने विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

"घे लिहून. आणि अंक शिवायचा. पक्का, दोऱ्याने."

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेले देवदत्त सर बोलले. ते वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, बैठकीला नेमाने येणार आणि नेमाने गप्प बसणार. "शिवायची घाई करू नये," ते म्हणाले. "उद्या एखाद्याला आपलं पान परत हवं झालं तर?"

विभाच्या कानशिलांत ऊन शिरल्यासारखं झालं. टोमणा मारायचा हक्क त्यांना होता, म्हणून ती गप्प बसली, पण शिवणीचा विचार त्या क्षणी तिच्या डोक्यात दगडासारखा पक्का झाला.

ती कामाला लागली ती प्रयोगवहीपासून. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पानांच्या तिने चार वह्या केल्या. एक स्पायरलची, एक पाठीला कापड लावून गोंदाने चिकटवलेली, एक कडेने आरपार टाके घातलेली आणि एक पानं दुमडून घडीत शिवलेली. पावसाळ्यात मे महिन्याचं ऊन कुठून आणायचं, म्हणून चारही वह्या कॉलेजच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये अठ्ठेचाळीस अंशांवर तीन दिवस ठेवल्या. मग शेजारच्या फिजिक्सवाल्यांकडून स्प्रिंगचा ताणकाटा मागून आणला आणि एकेक पान चिमट्यात धरून ओढलं. गोंदाचं पान दीड किलोला सुटलं. स्पायरलचं अडीचला फाटलं. कडेचे टाके हलले नाहीत, पण त्या वहीने डावीकडची अंगठाभर जागा गिळली आणि ती धड उघडेचना. 'झरोका'चे लेखक कागदाचा पैसा वसूल केल्यासारखे काठापासून काठापर्यंत लिहीत, त्यांच्या प्रत्येक ओळीची पहिली दोन अक्षरं शिवणीत गेली असती. घडीत शिवलेली वही मात्र सपाट उघडली आणि साडेपाच किलोला कागद फाटला तरी दोरा जागचा हलला नाही.

ती वही घेऊन विभा चांदपोलच्या आतल्या गल्लीत नंदकिशोरजींच्या दुकानात गेली. तीन पिढ्यांचा बाइंडिंगचा धंदा, लाल कापडाच्या वह्यांची छतापर्यंत रास, खाली गादीवर स्वतः नंदकिशोरजी. त्यांनी विभाची वही उलटीपालटी केली, टाके पाहून जरा हसले.

"टांका आपने लगाया? हाथ कच्चा है, पर सोच पक्की है. इसको जुज सिलाई कहते हैं. गोंद का जैपुर में क्या भरोसा, मैडम. भरोसा धागे का है."

त्यांनी फळीवरून आजोबांनी शिवलेली एक पोथी काढून तिच्यापुढे टाकली. कागद पिवळा पडून कुरकुरीत झाला होता, पण एकही पान डुगडुगत नव्हतं.

"पर एक बात सुन लो," नंदकिशोरजी म्हणाले. "जुज में खुला पन्ना नहीं चलता. बड़ा कागज़ लो, बीच से मोड़ो, तब दो पन्ने बनेंगे. चार मुड़े कागज़ एक के अंदर एक, वो हुआ एक जुज. सुई मोड़ में से जाएगी. हर पन्ने का एक जोड़ीदार रहेगा, तभी दोनों टिकेंगे."

विभा घरी येऊन कागद दुमडत बसली आणि तिला घोळ कळला. एका मोठ्या कागदावर आता दोघांनी लिहायचं. डावं अर्ध एकाचं, उजवं दुसऱ्याचं. म्हणजे प्रत्येक कागद दोन घरी जाणार, आणि एकाने शाई सांडली तर दुसऱ्याचंही पान गेलं. तीसजणांच्या पंधरा जोड्या. आणि जोड्या तरी मनासारख्या कुठल्या, कुणाचं लिखाण कितव्या पानावर येतं त्यावर ठरणार.

पुढचा महिना तिची स्कूटर जयपूरभर पळत होती. पाठीवर चित्रकारांची मोठी फाइल, त्यात सांगानेरचा हातकागद. खातीपुऱ्यात एकाचं अर्ध लिहून झालं की तो कागद मानसरोवरला दुसऱ्याकडे. ज्यांनी यंदा लिहिणार नाही म्हटलं होतं त्यांच्यापुढे ती ताणकाटा ठेवायची आणि शिवलेली वही हातात द्यायची. "ओढा," एवढंच म्हणायची. बाराच्या बारा ओढून थकले आणि लिहायला बसले. एका आजोबांनी तर पाय टेबलाला लावून ओढलं.

सगळ्यात अवघड गेली ती देवयानी आणि सलोनीची जोडी. मंडळाच्या नाटकात एकीची भूमिका दुसरीला गेली तेव्हापासून दोघी एकमेकींकडे पाठ करून बसायच्या. सलोनी जयपुरातच वाढलेली.

"मतलब, माझं पान कायमचं तिच्या पानाला जोडलेलं राहणार?" तिने विचारलं. "दुसरं कोणी नाही का, विभामावशी?"

"नाही. तू पाचवं पान, ती चौथं. दुसऱ्या कुणाशी तुझं गणित बसत नाही."

"आणि तिने लिहिताना चहा सांडला तर?"

"तर तिचंही पान गेलं. म्हणून ती जपून लिहील. आणि तूही."

दोघींनी कधी नव्हे इतकं सुंदर अक्षर काढलं. बोलणं काही सुरू झालं नाही, पण देवयानीने कागद परत देताना त्यावर दोन्ही बाजूंनी टिश्यू पेपर लावून दिला होता.

गणपतीला बारा दिवस राहिले असताना पंधरावा कागद आला. विभाने जमिनीवर सगळे मांडले. चार, चार, चार आणि शेवटच्या जुजात तीनच. एक कागद कमी पडत होता. तिने त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि तिला वाटलं, ही जागा प्रभाताईंची. तो लेख तिने दोनदा वाचला होता. आठवेल तसा तो पुन्हा लिहायचा, खाली स्पष्ट सांगायचं की मूळ पान हरवलं. झालेल्या चुकीला यापेक्षा जास्त काय करता येणार होतं? फक्त सरांना विचारायला हवं होतं.

विद्याधर नगरातल्या त्या घरात सरांनी स्वतः चहा केला. तो दूधच जास्त असलेला, कोमट चहा विभा मुकाट्याने प्यायली आणि तिने पर्समधून कच्चा मसुदा काढला.

"मला आठवलं तेवढं लिहिलंय, सर. चुकलं असेल तर सांगा. 'खातीपुऱ्याच्या घरी आमचा पहिलाच उन्हाळा. मी गच्चीवर सांडगे घातले. दुपारी वर जाऊन बघते तर तीन मोर...'"

"साडेतीन," सर म्हणाले.

"काय?"

"साडेतीन मोर. 'अर्धं ते पिल्लू.'"

विभाने दुरुस्त केलं. "'मी काठी घेऊन धावले...'"

"काठी नाही, लाटणं. 'हातात लाटणं होतं तेच उगारलं, तर त्यांच्यातल्या थोरल्याने माझ्यासमोर पिसारा फुलवला. म्हटलं, आमच्या घरचेही असेच. रागावलं की दुसरंच काहीतरी दाखवतात.'" सर थांबले. "दाखवतात, नंतर पूर्णविराम. मग नवा परिच्छेद."

विभाचं पेन कागदावर टेकलेलंच राहिलं. माणसाला बायकोचं बोलणं आठवतं, हे ठीक. पण नवा परिच्छेद कसा आठवेल?

"सर," ती हळूच म्हणाली, "हे तुम्हाला काकूंनी सांगितलेलं नाही."

सर उठले. आतल्या खोलीत कपाट उघडल्याचा आवाज आला. झाडांचे वाळवलेले नमुने ठेवायचा जाड पुठ्ठ्यांचा एक संच त्यांनी आणून टेबलावर ठेवला, नाड्या सोडल्या, वरचा टिपकागद बाजूला केला. खाली सत्ताविसावं पान होतं. प्रभाताईंचं गोल, जरासं उजवीकडे झुकलेलं अक्षर. डाव्या कडेला गोंदाचे पिवळे खडे तसेच.

"तिने मला दोनदा विचारलं होतं, वाचलंत का म्हणून," सर म्हणाले. "मी म्हटलं, यादीत आपला नंबर येईल तेव्हा वाचेन, घाई काय आहे. नंबर मे महिन्यात आला. वाचत होतो आणि पान हातात आलं. मी ओढलं नव्हतं, विभा. आपणहून आलं. मग मला ते परत ठेववेना."

विभाला सरांची दया आली, पण आधी राग आला आणि तो तिने गिळला नाही.

"मी तुमच्यासमोर हात जोडून उभी राहिले होते, सर. याच खोलीत. तेव्हा हे त्या कपाटात होतं?"

"हो."

"सहा घरांत मी चोर शोधत फिरले. दोन घरं अजून माझ्याशी बोलत नाहीत. इतके दिवस मला वाटतंय, मी काकूंचं पान घालवलं."

"मंडळात उभा राहून सांगतो. तू म्हणशील तेव्हा."

हे ऐकायला ती किती आसुसली होती ते तिचं तिलाच तेव्हा कळलं. हो म्हणायचं तिच्या ओठावर आलं होतं. पण पानाच्या कडेचे ते पिवळे खडे समोर होते आणि ते तिनेच निवडलेले होते.

"पान सुटलं ते माझ्या गोंदामुळे," ती म्हणाली. "तेवढं माझं. लपवलंत ते तुमचं. ते सांगायचं की नाही तुम्ही बघा. मला पान हवंय."

सरांनी पुठ्ठ्यावर हात ठेवला. "झेरॉक्स काढून देतो."

"झरोक्यात झेरॉक्स चालत नाही."

"माझ्याकडे तिचं दुसरं काही लिहिलेलं नाही. किराण्याच्या याद्यासुद्धा ती तोंडीच सांगायची."

"काकूंनी हे तुमच्यासाठी नव्हतं लिहिलं, सर. तीस घरांसाठी लिहिलं होतं. चोवीस घरांनी वाचलं. सहा घरं राहिलीत."

खाली भाजीवाल्याची गाडी आली, ओरडून ओरडून पुढे गेली. मग सरांनी विचारलं, "पुन्हा सुटलं तर?"

हा प्रश्न विभाच्या हातातला होता. तिने सोफ्यावर ठेवलेल्या आपल्या फाइलमधून एक कोरा कागद काढला, मधोमध दुमडला आणि घडीवरून नख फिरवलं.

"सुई इथून जाते. एकटं पान असेल तर पट्टी लावून कसंबसं उभं करता येतं, पण सगळा ताण त्या पट्टीवर. पलीकडे दुसरं पान असलं की दोन्ही पानं एकमेकांना धरतात. काकूंचं पान सुटं आहे, त्याला जोडीचं पान लागेल. ते तुम्ही लिहायचं."

"मी? मी जन्मभर झाडांची नावं लिहिली. लॅटिनमध्ये."

"काकूही लिहीत नव्हत्या. त्यांच्यामागे मी नऊ वर्षं लागले होते. तुम्हाला मी नऊ दिवस देते. नवव्या दिवशी सकाळी अकरा वाजता नंदकिशोरजींच्या दुकानात. दोन्ही पानं घेऊन या. नाही आलात तर शेवटचं जुज तीन कागदांचं शिवेन आणि परत कधी तुम्हाला विचारणार नाही."

कोऱ्या कागदाचा अर्धा भाग कापून तिने टेबलावर ठेवला आणि निघाली. खाली येऊन स्कूटरची किल्ली लावताना तिला रडू फुटलं. राग होता, सुटकाही होती, आणि त्या म्हाताऱ्या माणसाशी आपण इतकं कठोर बोललो याचं वाईटही वाटत होतं. पण बोललेलं एकही वाक्य तिला मागे घ्यावंसं वाटलं नाही.

नऊ दिवस तिने फोन केला नाही. आठव्या दिवशी दोनदा हातात घेतला आणि खाली ठेवला.

नवव्या दिवशी दहालाच ती दुकानात पोचली. नंदकिशोरजींनी तीन जुजं शिवून ठेवली होती. दोऱ्याला मेण चोळत ते म्हणाले, "आखरी वाला पतला है. कर दूँ बंद?"

"अकरापर्यंत थांबा."

सव्वाअकरा झाले. नंदकिशोरजींनी सुईत दोरा ओवला. विभाने मान हलवली, आणखी पाच मिनिटं. साडेअकराला ती "कर दीजिए" म्हणाली आणि सुई कागदाला टेकणार एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ई-रिक्षा थांबली. देवदत्त सर तो पुठ्ठ्यांचा संच छातीशी धरून, दोन्ही बाजूंच्या सायकली चुकवत चालत येत होते.

"आधीची दोन पानं फाडली," ते धापा टाकत म्हणाले. "म्हणून उशीर झाला."

नंदकिशोरजींनी प्रभाताईंचं पान घेऊन बोथट सुरीने कडेचा गोंद खरवडायला सुरुवात केली. सर गादीच्या काठावर बसून सुरीकडे बघत राहिले, पातं कागदाजवळ गेलं की त्यांचा हात नकळत पुढे यायचा. विभाने दरम्यान त्यांचं पान वाचलं. संपादकच होती, वाचणं भाग होतं. अक्षर लहान आणि सरळ, वनस्पतींच्या चिठ्ठीवर लिहितात तसं. पहिलंच वाक्य होतं: 'खातीपुऱ्याच्या गच्चीवर मोर का येत असत हे मी प्रभाला कधीच सांगितलं नाही, रोज पहाटे त्यांना मूठभर ज्वारी मीच टाकत असे.'

विभा हसली आणि मग पुढे वाचताना तिला चष्मा पुसावा लागला.

नंदकिशोरजींनी दोन्ही पानं शेजारी ठेवली, मध्ये मलमलीची बारीक पट्टी लावली, वाळू दिली आणि तिथेच घडी घातली. कागद शेवटच्या जुजाच्या अगदी मध्ये गेला. पाच भोकं, आतून बाहेर, बाहेरून आत. गाठ मारून त्यांनी दोरा कापला आणि अंक सरांच्या हातात दिला. "अब ले जाओ जहाँ ले जाना है."

"जरा वेळ माझ्याकडे ठेवू?" सरांनी विभाला विचारलं. "उद्या सकाळी आणून देतो."

तीस माणसांची पानं होती त्यात, आणि ज्याने एकदा पान ठेवून घेतलं तोच मागत होता. ताणकाटा तर कॉलेजात होता.

"ठेवा," ती म्हणाली.

गणपतीच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडपात अंक उघडला. लाल कापडाची पाठ, आत चार जुजं, कुठेही धरून उघडा, सपाट पडायचा. सलोनी आणि देवयानी टेबलाच्या दोन टोकांना उभ्या राहून एकाच वेळी आपापलं पान बघत होत्या. कौशिकने पहिल्यापासून शेवटपर्यंत पानं मोजली, फायलीत टिपलं, आणि शेवटच्या जुजाशी त्याचा हात थांबला.

"विभाताई, हे तर प्रभाकाकूंचं. हे सापडलं कुठे?"

माइक चालू होता, सगळ्यांनी ऐकलं. अबोल्यातली दोन्ही घरं पुढच्याच रांगेत बसलेली होती. विभाने तोंड उघडलं. जुन्या कागदांत मिळालं, असं ती सांगणार होती. तेवढं खोटं तिला परवडलं असतं.

पण तिसऱ्या रांगेतून देवदत्त सर उठले होते. "माझ्याकडे होतं," ते म्हणाले. आवाज लहान होता, म्हणून मंडप शांत झाला. "विभाने कुठे हरवलं नव्हतं. मी ठेवून घेतलं होतं. तिला विचारूनही सांगितलं नाही."

कौशिकने चष्मा सारखा केला आणि सचिवाला शोभेल असंच काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग सर, ते आता पुन्हा..."

"नाही निघणार," सर म्हणाले. "शिवला त्या रात्री माझ्याकडेच होता अंक. मी ओढून बघितलं."